टाइल बसायच्या आधी फ्लॅटचं प्लंबिंग असं तपासून घ्या

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पहिलं बाथरूम नवीन करून आठ महिने झाले होते आणि एका रविवारी खालच्या काकू वर आल्या, म्हणाल्या "अगं, आमच्या बाथरूमच्या छताला ओल दिसतेय, पोपडे पडायला लागलेत, जरा बघशील का?" बघितलं तर शॉवरच्या मिक्सरमागच्या पितळी आट्यांच्या एल्बोला केसाएवढी चीर, नळ बसवताना पान्याने जास्त आवळला होता, बस एवढंच. तीन नव्या टाइल फोडल्या, त्या डिझाइनच्या टाइल परत मिळाल्या नाहीत. म्हणून दुसरं बाथरूम करताना मी प्रत्येक गोष्ट झाकायच्या आधी बघितली, त्यातून जे शिकले ते सगळं इथे लिहितेय कारण पुण्यात सध्या जिकडेतिकडे जुन्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटची कामं चालू आहेत आणि चुका त्याच त्याच होतायत.

आधी नियमांचं थोडक्यात. आपल्याकडे नॅशनल बिल्डिंग कोड आहे, २०१६ च्या आवृत्तीत त्याचा नववा भाग पूर्ण प्लंबिंगचा आहे, पाणीपुरवठा, ड्रेनेज सगळं त्यात येतं. राज्याची जी बांधकाम नियमावली आहे, यूडीसीपीआर २०२०, जी पुणे आणि पिंपरी चिंचवड दोन्हीकडे लागू आहे, ती प्लंबिंगसाठी याच कोडकडे बोट दाखवते. मटेरियलसाठी वेगळे आयएस नंबर, म्हणजे भारतीय मानकांचे नंबर असतात आणि ते पाईपवरच छापलेले असतात. गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाईप म्हणजे आयएस १५७७८, थंड पाण्याचा यूपीव्हीसी म्हणजे ४९८५, सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर म्हणजे १३५९२, जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप, त्याचा १२३९. एसडब्ल्यूआरमध्ये टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार येतात, ए पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला म्हणजे हवा जायच्या पाईपला, बी संडास बाथरूमच्या लाईनला. बी जाड असतो आणि महाग असतो त्यामुळे कमोडच्या लाईनला ए टाकून दिलेला मी स्वतः बघितलाय. भवानी पेठेतून आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून, पाईप वर चढवायच्या आधी आयएसआय मार्क, नंबर आणि टाइप वाचा, एक मिनिट लागतं.

आता जोड. सीपीव्हीसीचा जोड हा चिकटवण्याचा जोड आहे, त्यामुळे पाईप सरळ कापलेला हवा, कडेचा भुसा काढलेला हवा, पाईपला आणि फिटिंगच्या आत दोन्हीकडे सोल्युशन लावून पाईप पूर्ण आत घालून पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचं, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्युशन, यूपीव्हीसीचा डबा उघडा आहे म्हणून तोच लावला असं चालत नाही. आटे असतील तिथे टेफलॉन टेप, आणि हाताने घट्ट झाल्यावर पान्याने एक दीड फेरा पुरे. आमची चीर याच्यापुढे दिलेल्या फेऱ्यांची होती.

सगळ्यात महत्त्वाची प्रेशर टेस्ट. कामाच्या प्रेशरच्या, म्हणजे रोजच्या वापरात लाईनमध्ये असतं त्याच्या, किमान दीडपट प्रेशरवर लाईन तपासायची असा साधा नियम आहे. प्लंबरकडे हातपंप आणि गेज असतो, नसेल तर भाड्याने मिळतो. गीझर जोडलेला नको, प्रत्येक पॉइंटला प्लग लावायचे, सगळ्यात लांबचा पॉइंट उघडा ठेवून पाणी भरायचं म्हणजे हवा निघून जाते, मग बंद करून पंप मारायचा. टेस्ट पाण्यानेच करायची, कॉम्प्रेसरची हवा प्लास्टिकच्या पाईपमध्ये भरणं धोक्याचं असतं, फुटला तर तुकडे उडतात.

आमच्या दुसऱ्या बाथरूमच्या वेळी प्लंबर म्हणत होता "ताई, लाईन ओके आहे, उद्या टाइलवाला येणारे, कशाला वेळ घालवता." मी म्हटलं, "दादा, एक तास थांबू, टाइलवाल्याला मी सांगते." गेजचा काटा सहा किलोवर (चौरस सेंटिमीटरला सहा किलो) नेला आणि आम्ही चहा घेत बसलो. वीस मिनिटांत काटा चारवर. सगळे प्लग बघितले, कोरडे. मग त्याने भिंतीच्या खाचेतला एकेक जोड कोरड्या फडक्याने पुसत पुसत नेला आणि बेसिनखालच्या टी आकाराच्या जोडाजवळ फडकं ओलं झालं. तो जोड माप बघायला नुसता अडकवला होता आणि सोल्युशन लावायचं राहून गेलं होतं. नळ उघडल्यावर तो थेंबभरसुद्धा गळत नव्हता, प्रेशर दिल्यावरच समजलं. तेव्हापासून आमचा प्लंबर प्रत्येक चिकटवलेल्या जोडावर मार्करने रेघ मारतो, रेघ नाही म्हणजे जोड अजून कच्चा. तुमच्या प्लंबरला पण हेच सांगा. आणि सोल्युशन लावल्या लावल्या टेस्ट करू नका, सुकायला किती वेळ द्यायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं.

पाण्याची लाईन झाली की जमीन. वॉटरप्रूफिंग झाल्यावर न्हाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीच्या जाळीखाली पाणी जातं त्या भांड्याचं, तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन तीन इंच पाणी भरा आणि निदान दोन दिवस तसंच ठेवा, आणि खालच्या लोकांना आधी सांगून त्यांच्या छताकडे रोज बघा. पातळीला भिंतीवर पेन्सिलची खूण करा. हे दोन दिवस कंत्राटदाराला नको असतात, पण वर कोबा आणि टाइल आल्यावर गळती कुठून हे शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणं. ढाळ पण याच वेळी बघायचा. फरशीला फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) ढाळ दिला तर पाणी निघून जातं, म्हणजे पाच फुटांच्या बाथरूमला साधारण पाच सूत. चार इंची सांडपाण्याच्या पाईपला चाळीसास एक हे चांगलं माप, मीटरला पंचवीस मिलिमीटर. आडव्या लाईनला शक्यतो एकदम काटकोनी बेंड देऊ नका, दोन पंचेचाळीसचे द्या आणि वळणाला डोअर बेंड, म्हणजे झाकण उघडता येणारा बेंड ठेवा, तुंबलं की तिथूनच काढता येतं, नाहीतर पाईप कापावा लागतो.

कमोडचं एक सांगते. कमोड आधी निवडा, पाईप नंतर. जमिनीत जाणारा ट्रॅप असेल तर भिंतीपासून किती अंतरावर हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं आणि ते अंतर टाइल लागलेल्या भिंतीपासून मोजायचं, विटेपासून नाही. प्लॅस्टर आणि टाइल मिळून दीडेक इंच सहज खातात आणि मग कमोडची टाकी भिंतीला टेकते.

वासाबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं कारण ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी साचून राहतं, ते पाणीच गटारातली हवा आणि झुरळं अडवतं, हा पाण्याचा थर किमान पन्नास मिलिमीटर हवा. दिवाळीला गावाला जाऊन पंधरा दिवसांनी दार उघडलं की बाथरूमला वास येतो तो बहुतेक वेळा ट्रॅपमधलं पाणी सुकल्यामुळे, तांब्याभर पाणी ओतलं की थांबतो. पण रोजच वास येत असेल, आणि वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केलं की तुमच्या जाळीतून गुडगुड आवाज येत असेल, तर वरून पडणारं पाणी जाताना तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतंय, म्हणजे हवेचा रस्ता कुठेतरी बंद आहे. डक्टमधला उभा पाईप गच्चीच्या वर उघडा असायला हवा, टोपीसकट. गच्चीवर शेड टाकताना, किंवा वास येतो म्हणून, कोणीतरी तो पाईप कापून बूच मारतं आणि खाली सहा फ्लॅटना त्रास होतो. आधी गच्चीवर जाऊन बघा, मग ट्रॅप बदला.

दुसरी चूक म्हणजे कमोडची लाईन बाथरूमच्या सांडपाण्याच्या लाईनला जोडणं, जागा कमी म्हणून. जुन्या बिल्डिंगमध्ये दोन वेगळे उभे पाईप असतात, मैल्याचा थेट चेंबरला आणि अंघोळीच्या पाण्याचा खाली गल्ली ट्रॅपमधून, म्हणजे जमिनीलगतच्या जाळीच्या ट्रॅपमधून, चेंबरला. संडास हलवताना चुकीच्या पाईपला जोडलं तर मैला गल्ली ट्रॅपमध्ये येतो आणि तळमजल्यावरच्यांच्या खिडकीखाली तुंबतो. आणि बेसिनखालचा तो वळ्यावळ्यांचा लवचिक पाईप सरळ भोकात खुपसलेला असतो, मध्ये पाण्याचा थर नाही, तिथे बॉटल ट्रॅप लावा आणि भोकाला रबरी वायसर बसवा.

गरम पाणी. सोलर बऱ्याच सोसायट्यांत आहे आणि उन्हाळ्यात दुपारी त्याचं पाणी चांगलंच कढत असतं. साधा यूपीव्हीसी पंचेचाळीस अंशांपर्यंतच वापरायचा असतो, त्यामुळे सोलरला आणि गीझरला सीपीव्हीसीच घ्या. गच्चीवरचा उघडा पाईप रंगवून किंवा इन्सुलेशन गुंडाळून ठेवा, ऊन त्याला कडक करतं. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे प्लग मारू नका, तो थोडा टिपकतो म्हणून लोक मारतात, पण टाकीतलं प्रेशर वाढलं तर बाहेर पडायला तोच रस्ता आहे. थंड नळातून कोमट पाणी येत असेल तर हँड शॉवर आधी बघा, मिक्सर उघडा ठेवून बटणाने पाणी बंद केलं की गरम थंड आतल्या आत मिसळतं.

शॉवरला धार नाही याचं गणित सोपं आहे, दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर. टाकीचा तळ शॉवरच्या दोन मीटर वर असेल तर तुम्हाला मिळतात जेमतेम शून्य पूर्णांक दोन किलो, त्यावर रेन शॉवर चालणार नाही, कितीही महाग घ्या. वरच्या मजल्यांना प्रेशर पंप लागतो. खालच्या मजल्यांना उलट जास्त होतं आणि होज पाईप फुटतात, तिथे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावतात. धार हळूहळू कमी झाली असेल तर नळाच्या तोंडाची जाळी काढून बघा, बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याने ती पांढरी होऊन बुजते, रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की साफ. महापालिकेच्या लाईनला थेट मोटर मात्र लावू नका, ते बेकायदेशीर आहे आणि शेजारच्याचं पाणी जातंच, वर लाईनला गळती असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं.

गळती निघाली की भांडण खर्चावरून होतं. सोसायटीच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे मुख्य उभ्या लाईन, गच्चीची गळती सोसायटीकडे आणि फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंकची गळती सभासदाकडे. नवीन फ्लॅट असेल तर रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामातला दोष दाखवला तर बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, त्यामुळे लेखी कळवा, तोंडी सांगून सोडू नका.

आणि टाइल लावायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मेझरिंग टेप धरून, दाराच्या चौकटीपासून किती आणि जमिनीपासून किती हे वाचता येईल असे. गेल्या महिन्यात टॉवेलचा रॉड लावायला माणूस आला तेव्हा मी फोनमधला फोटो काढून दाखवला, त्याने जिथे खूण केली होती तिथून दोन इंचांवर गरम पाण्याची लाईन होती, त्याने भोक चार इंच डावीकडे पाडलं.