विमा नसताना मधुमेह-रक्तदाबाचे उपचार : इंदुरात सोय कशी लावावी

मधुमेह किंवा रक्तदाब जडल्यावर आरोग्य विमा काढायला जावे, तर हप्ता परवडत नाही किंवा जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला सांगतात. म्हणून अशा घराने दोन खर्च पहिल्यापासून वेगळे धरावेत : दरमहा लागणाऱ्या गोळ्या-तपासण्यांचा, आणि कधी भरती व्हावे लागले तर त्याचा. दुसऱ्यासाठी सरकारी योजना आहे. पहिल्याची सोय बरीचशी आपल्यालाच लावावी लागते, आणि आजार आटोक्यात राहतो तो पहिल्यामुळेच.

वयाची ३० वर्षे उलटलेल्या कोणालाही संजीवनी क्लिनिकमध्ये, म्हणजे शहरी वस्त्यांतल्या सरकारी दवाखान्यात, साखर आणि रक्तदाब विनामूल्य तपासून मिळतो. नेहमीच्या गोळ्यांसाठीही आधी तिथेच विचारावे. साखर फार चढलेली असेल किंवा पायांवर सूज, छातीत दुखणे असे काही असेल, तर मात्र वेळ न घालवता एम. वाय. (महाराजा यशवंतराव रुग्णालय) गाठावे. मेडिकल कॉलेजला जोडलेले ते रुग्णालय असल्याने बऱ्याच विषयांचे डॉक्टर एका आवारात भेटतात. सकाळी लवकर जाऊन पर्ची (केसपेपर) काढावी आणि आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी ओळख क्रमांक) व जुने सगळे कागद तारखेनुसार लावलेल्या एकाच फाइलमध्ये न्यावेत. फाइल नसली की त्याच तपासण्या पुन्हा सांगितल्या जातात, आणि पैसे तिथेच जातात.

डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव स्पष्ट लिहून देण्याची विनंती करावी. घरातली गोळ्यांची पट्टी उजेडात धरून पाहिली, तर कंपनीने दिलेल्या नावाजवळ ‘मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड’ किंवा ‘टेल्मिसार्टन’ असे घटकाचे नाव आणि मात्रा छापलेली दिसते. तेच नाव, तीच मात्रा जनऔषधी केंद्रात, म्हणजे मूळ नावाची स्वस्त औषधे विकणाऱ्या सरकारी योजनेतल्या दुकानात, मागावी. किंमत बहुधा निम्म्याहूनही कमी पडते. जवळचे केंद्र आणि दर ‘जनऔषधी सुगम’ या ॲपवर पाहता येतात. दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी तिथे मिळाली नाही, तर तेच घटक सुटे घेऊन चालतील का, हे डॉक्टरांना विचारावे. दुकानदाराच्या सांगण्यावरून बदल करू नये.

रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू महिनाअखेर गोळ्या पुरवण्यासाठी अडकित्त्याने त्यांचे तुकडे करीत आणि अर्धी-अर्धी घेत. पट्टीवर ‘एसआर’ लिहिलेले होते, म्हणजे औषध पोटात सावकाश सुटावे अशी ती गोळी बनवलेली होती. अशी गोळी तोडली की तिची ती रचना बिघडू शकते, आणि अर्ध्या मात्रेने साखर तर उतरत नाहीच. काकूंनी पैशांची अडचण डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी पाच मिनिटांत स्वस्त पर्याय लिहून दिला. अडचण सांगण्यात कसलाही कमीपणा नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकाएकी बंद केल्यास दाब उसळी घेतो, हेही ध्यानात ठेवावे.

तपासण्यांत काटकसर करता येते. एचबीए१सी ही तपासणी मागल्या साधारण तीन महिन्यांची रक्तातील साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे ती दरमहा करण्यात अर्थ नाही. साखर स्थिर असेल तर सहा महिन्यांनी पुरते. लघवीतील प्रथिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र वर्षातून एकदा चुकवू नये, कारण मूत्रपिंड आणि दृष्टी बिघडू लागली तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

भरतीसाठीची सरकारी योजना म्हणजे आयुष्मान भारत; तिचे आयुष्मान कार्ड आजार बळावण्याआधीच काढून ठेवावे. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि जुना आजार पहिल्या दिवसापासून त्यात धरला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, हे कार्ड काढता येते. आपल्या मराठी घरांतल्या पेन्शनर आजी-आजोबांना हे अजून ठाऊक नसते, त्यांना आवर्जून सांगावे. बाह्यरुग्ण विभागातला खर्च आणि रोजच्या गोळ्या यात येत नाहीत. रुग्णालय योजनेत आहे का, हे भरतीपूर्वी १४५५५ या क्रमांकावर विचारावे. घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांची औषधेही योजनेतूनच मिळायची असतात. डिस्चार्जचा कागद हातात घेतानाच ती मागून घ्यावीत.