शनिवारी रात्री शेअर चाळायची माझी पद्धत

तीन-चार जणांनी विचारलं की तू दिवसभर वावरात असतो मग शेअर निवडतो कधी न कसा, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, कोरडवाहू पऱ्हाटी न तूर, आणि सव्वानऊ ते साडेतीन बाजार चालू असतो तेव्हा माझ्या हातात डवऱ्याचं रुमणं. स्क्रीनसमोर बसणं जमत नाही, म्हणून मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, म्हणजे रोज पुढं सरकणारी भावाची सरासरी. मी काही सेबी रजिस्टर्ड सल्लागार नाही बरं, आपापल्या जबाबदारीवर करा.

सोयाबीनचा हंगाम लागला की मुहूर्ताच्या सौद्याला एखाद्या गाडीला मोठा भाव लावतात, हारतुरे, पेपरात फोटो. तो भाव ऐकून कोणी ट्रॅक्टर भरते का? आपण विचारतो की आठ-पंधरा दिवसांत सरासरी काय चालू आहे. शेअरचंही तेच. मागच्या ५० दिवसांचे बंद भाव घ्या, बेरीज करून ५० ने भागा, उद्या नवा दिवस आत न सगळ्यात जुना बाहेर. २०० दिवसांचं तसंच, फक्त त्यात एका दिवसाचं वजन अर्धा टक्काच, म्हणून ती लाइन भरलेल्या बंडीसारखी हळू वळते. ईएमए (एक्स्पोनेन्शियल मूव्हिंग अ‍ॅव्हरेज) असते त्यात ताज्या भावाला जास्त वजन, दिवसांत १ मिळवून त्यानं २ ला भागायचं, म्हणजे १२ दिवसांच्या ईएमएमधे आजच्या भावाचं वजन १५ टक्क्यांच्या थोडं वर.

आता माझी पहिली चूक. एमएसीडी म्हणजे १२ च्या ईएमएतून २६ चा ईएमए वजा, आणि त्या फरकाची ९ दिवसांची ईएमए म्हणजे सिग्नल लाइन. १९७० च्या दशकात जेराल्ड अ‍ॅपेलनं काढलेलं हे हत्यार, एका शेअरसाठी चांगलंच आहे, पण मी काय केलं, सगळ्या शेअरचा एमएसीडी काढून मोठ्यापासून लहान असा लावला आणि वर कोण आलं तर एमआरएफ! आता येईलच ना, तो शेअर जून २०२३ मधे लाखाच्या पार गेलेला, त्याचा फरक हजारात न शंभरवाल्या शेअरचा फरक दोन रुपये. एमएसीडी रुपयात निघतो, त्यावर शेअरची आपसात तुलना होत नाही. तुलना करायची तर टक्का काढा. एमएसीडीलाच २६ च्या ईएमएनं भागून १०० नं गुणलं की पीपीओ होतो.

मी ५० न २०० मधला टक्का पाहतो, कारण मला महिन्यांची चाल पाहिजे. समजा एका शेअरची ५० ची सरासरी ४२० न २०० ची ३७५, फरक ४५ रुपये म्हणजे १२ टक्के. दुसऱ्याची २०८० न २०००, फरक ८० रुपये पण टक्का ४ च. दमदार पहिला.

चाळणी अशी. निफ्टी ५००, म्हणजे एनएसईच्या ५०० मोठ्या कंपन्यांची यादी, तिच्या बाहेर जातच नाही, बाहेर लय माती आहे. भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर, ५० ची लाइन २०० च्या लाइनवर, आणि हे लय जण विसरतात, २०० ची लाइन स्वतः महिन्याआधीपेक्षा वर पाहिजे. चार्टइंक ह्या शेअर चाळायच्या वेबसाइटवर ह्या तीन अटी टाकल्या की लिस्ट निघते, ती शीटमधे टाकून टक्क्यानं लावायची न वरचे २० ठेवायचे. मग हातानं वेचणी: रोजची उलाढाल पाच कोटींच्या खाली असली तर काट, एक्सचेंजच्या एएसएम यादीत (जास्त पाळतीवर ठेवलेले शेअर) असला तर काट, भाव ५० च्या सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून वर पळाला असला तर थांब. हे आकडे माझ्या अंदाजाचे, तुमचे वेगळे असू शकतात. बोनस-स्प्लिट झालेला असला तर डेटा अ‍ॅडजस्ट केलेला आहे का पाहा, नाहीतर एकास एक बोनसनंतर भाव अर्धा दिसते आणि चांगला शेअर उगाच चाळणीतून गळते.

विकायचं कधी, इथंच माणूस फसते. पऱ्हाटीची वेचणी झाली तरी आपण फरदड ठेवतो, अजून दोन क्विंटल निघन म्हणून, अन् बोंडअळीले घर देतो, २०१७ चं अजून कोणी विसरलं नाही. शेअरचीही फरदड ठेवू नका. महिन्यातून एकदा चाळणी पुन्हा लावतो, शेअर वरच्या ४० च्या बाहेर गेला की विकतो. विसाव्याऐवजी चाळीस काहून, तर एकविसावा झाला म्हणून विकलं की दर महिन्याला ब्रोकरेज न डीपी चार्ज (डीमॅटमधून शेअर विकला की कटतो तो), वरून वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के टॅक्स, जुलै २०२४ पासून वाढलेला.

सरासरी मागून येते हे ध्यानात ठेवा. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १३ टक्क्यांच्या आसपास पडला, अशा दिवसाची खबर कोणतीच लाइन आदल्या रात्री देत नाही. बाजार आडवा चालला की दोन्ही लायन्या एकमेकींभोवती घुटमळतात, आज वर उद्या खाली, तेव्हा सगळ्यात जास्त बारीक नुकसान होते. म्हणून एका शेअरमधे मी पैशाच्या पाच टक्क्यांवर टाकत नाही. मंदीत कधी चाळणीतून सात-आठच निघतात, मग तेवढेच घेतो, बाकी पैसे बँकेत पडून राहतात, बायको म्हणते खताले तरी कामी येतील.

ऑर्डर मी रविवारी रात्रीच लिमिट भाव (ह्याच्या वर घ्यायचं नाही असा) टाकून लावून ठेवतो, कारण सोमवारी सव्वानऊला नेटवर्क फक्त धुऱ्यावरच्या बाभळीखाली येते.