खुराक दोघांचा, पोरं वीस: तालमीनं पैलवान कसा पारखावा

मिरगाच्या आधी तालमीची बैठक बसते. हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, उकरून, माती चाळून, हळद-ताक-तेल-लिंबू घालून तयार असतो. वर्गणीचा हिशोब झालेला असतो आणि कुणीतरी दोन पोरांच्या वर्षाच्या खुराकाचा खर्च उचललेला असतो. हौद्यात मात्र वीस पोरं उतरतात. यातली दोन निवडायची, आणि निवड चुकली तर वर्ष फुकट जातं. पैसे जातातच, शिवाय ज्याला मिळायला हवं होतं ते पोरगं तोवर तालीम सोडून गेलेलं असतं.

नेहमीची चूक एकच. १३-१४ वर्षांचा, मिसरूड फुटलेला, ६० किलोचा, जत्रेच्या फडात सगळ्यांना चीत करणारा पोरगा सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. त्याच्या बाजूला ४१ किलोचा, काटकुळा, दोनदा हरलेला पोरगा उभा असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. पहिल्यानं आपली वाढ लवकर उरकून घेतलेली असू शकते. चार वर्षांनी बाकीचे त्याच्या उंचीला येतात, मग जोरावर मारलेल्या कुस्त्या जोरावर जमत नाहीत आणि डाव तर कधी शिकलेलाच नसतो. म्हणून चौदाव्या वर्षी वजनाकडे बघून खुराक देऊ नका. हातात घ्यायची पहिली वस्तू म्हणजे मोजपट्टी.

उंचीची वही

भिंतीला पट्टी कायमची चिकटवा. सकाळीच मोजा, कारण दिवसभरात उंची सेंटिमीटरभर कमी भरते. अनवाणी, टाच-पाठ-डोकं भिंतीला, नजर समोर, डोक्यावर गुण्या किंवा जाड पुस्तक काटकोनात. दोनदा मोजून सरासरी लिहा. मग त्याच पोराला स्टुलावर ताठ बसवून बसकी उंची मोजा आणि वजन घ्या. हे दर तीन महिन्यांनी, त्याच माणसानं, त्याच पट्टीवर.

मुलांची वाढ सर्वांत जोरात असते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, वर्षाला ८ ते १० सेंटिमीटर. तीन महिन्यांत २ सेंटिमीटरच्या वर भरली की तो उसळीत आहे असं समजा. आधी पाय वाढतात, धड मागून येतं. म्हणून बसकी उंची तिथंच असून एकूण उंची वाढत असेल तर उसळी नुकती सुरू झालीय. ताकद त्याच्याही मागून, सहा महिने ते वर्षानं येते. या काळात पोरगं अडखळतं, पट (समोरच्याचे पाय धरून पाडायचा डाव) घ्यायला जाऊन तोंडावर पडतं, गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो म्हणतं. 'पोरगं बिघडलं' म्हणून त्याला याच वेळी काढून टाकतात. थांबा, वर्षभर थांबा. मुलींची उसळी साधारण दोन वर्षं आधी येते, तेव्हा त्यांची वही अकराव्या वर्षीच सुरू करा.

शेवटी किती उंच होईल याचा अंदाज आई-बापावरून निघतो. दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, मुलासाठी १३ जास्त धरा, निम्मं करा. बाप १६८, आई १५४ असेल तर (१६८ + १५४ + १३) ÷ २ म्हणजे १६७.५. यात आठ-दहा सेंटिमीटर इकडे-तिकडे होतातच. घरी गेलात की मामा-चुलत्यांकडेही नजर टाका. 'पोरगं मामावर गेलंय' हे आपल्याकडचं म्हणणं काही अगदीच वाऱ्यावरचं नाही. ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइलचे पुरुषांचे गट सहाच: ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५. १६७ च्या आसपास थांबणारा पोरगा ६५ किंवा ७४ ला बसेल. त्याला तूप चारून हेवीवेटचा करायला गेलात तर चरबी वाढेल, पैलवान होणार नाही.

जत्रेचा फड आणि मॅट

'पंचवीस कुस्त्या मारल्यात' या आकड्याला फार किंमत देऊ नका. जोड लावणारा गावातल्या पोराला जड जोड देत नाही, आणि समोरच्याचं वजन कुणी काट्यावर केलेलं नसतं. विचारायचं ते असं: कुणाबरोबर, किती वजनाच्या, किती मिनिटांत, कोणत्या डावावर? उत्तर 'असंच पाडलं' असं आलं तर ती कुस्ती वहीत धरू नका.

किमान सहा लढती बघा: तीन मातीवर, तीन मॅटवर, आणि त्यात दोन तरी हरलेल्या असाव्यात. मातीत चीत झाल्याशिवाय निकाल नाही. पोटावर पडून राहिलं, कडेला सरकलं तरी फारसं बिघडत नाही. खडाखडीत, म्हणजे उभ्यानं एकमेकांचा अंदाज घेण्यात, दहा मिनिटं गेली तरी हलगी वाजत राहते. मॅटवर १५ आणि १७ वर्षांखालच्यांची लढत दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंद. ताब्याला, म्हणजे समोरच्याला खाली आणून धरलं की, २ गुण, वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला १. नुसता टाळाटाळ करणाऱ्याला आधी ताकीद मिळते, पुन्हा तसंच केलं तर ३० सेकंदांची मुदत, आणि त्यात गुण नाही आला तर समोरच्याला १. आता मातीच्या सवयीनं पोटावर निवांत पडलेल्या पोराचं गणित करा: ताबा गेला, २ गुण. वरच्यानं भारंदाज (कमरेला विळखा घालून फिरवायचा डाव) लावून एकदा फिरवलं, ४. पुन्हा फिरवलं, ६. असं चारदा झालं की १० गुणांचा फरक पडतो आणि लढत तिथंच संपते. चीत न होता, पहिल्या मिनिटात.

म्हणून मातीतला पोरगा मॅटवर हरला म्हणून खोडू नका. तो *कसा* हरला ते बघा. पहिल्या लढतीत चारदा फिरवला गेला, आणि तिसऱ्या लढतीत खाली जाताच कोपर आत घेऊन, कंबर जमिनीला दाबून एकदाच फिरला, तर त्या पोराला काहीतरी समजतंय. जिंकलेल्या पाच कुस्त्यांपेक्षा असल्या एका पराभवातून जास्त कळतं.

मोबाइल काठीला बांधून हौद्याच्या कोपऱ्यात, छातीच्या उंचीवर ठेवा आणि नंतर थांबवून-थांबवून बघा. वहीत एवढंच लिहा: पट किती वेळा घातला, किती वेळा काढला, पट आल्यावर किती वेळा सुटला, पहिल्या फेरीचे गुण, दुसऱ्या फेरीचे गुण. दुसऱ्या फेरीत पट घालायचंच थांबवणाऱ्याचा दम कमी. दम मेहनतीनं वाढतो, म्हणून तेवढ्यावरून काढू नका. पण दोन्ही फेऱ्यांत पट शून्य असेल तर प्रश्न दमाचा नाही. तो पोरगा वाट बघणारा आहे, आणि वाट बघणाऱ्याला हल्ला करायला शिकवणं फार जड जातं.

एकेरी पट काढताना चित्र थांबवा. डोकं आत, कान बरगडीला चिकटलेला, पाठ सरळ, मागचा पाय जवळ ओढलेला: हे असेल तर पाया बरा आहे. नजर मातीत, हात लांब आणि मागचा पाय तिथंच राहिलेला असेल तर तो नुसत्या हातानं ओढतोय. समोरचा मानेवर वजन टाकून त्याला दाबून ठेवणार. हे तीन-चार महिन्यांत सुधारतं. शिकवून सहज येत नाही ती उलट बाजूची गोष्ट: स्वतःवर पट आला की पाय मागे फेकून कंबर खाली दाबायची. ही हालचाल विचार न करता व्हायला हवी. काही पोरांना उपजतच असते. कबड्डी खेळलेल्यांतही बऱ्याचदा दिसते.

शिकण्याची परीक्षा

ही सर्वांत उपयोगाची, आणि हीच कुणी घेत नाही. पोरानं कधी न केलेला एक डाव निवडा. ढाक येत असेल तर बगलडूब, बगलडूब येत असेल तर कलाजंग. वस्तादांनी तीनदा दाखवायचा, बोलून समजावायचा नाही. मग पोराकडून दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा करून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी न दाखवता 'कालचा डाव कर' म्हणायचं. आठ दिवसांनी लढतीत तो आपणहून घालतो का ते बघायचं. दुसऱ्या दिवशी पूर्ण विसरला तर एकदा माफ. आठवड्यानंतरही लढतीत जुन्याच डावावर अडून बसला तर नावापुढे खूण करा. उलट, डाव फसला, पण घातला, तर ती बरी खूण.

अंग

मान आणि पूल: पाठीवर झोपवून कपाळ टेकेपर्यंत पूल करायला लावा, तोही मऊ मातीवर. २० सेकंद थरथर न होता राहिला तर चांगलं. नवख्याला जबरदस्ती नको, मानेला इजा होते. दोर चढणं आणि लोंबून हनुवटी दांड्यावर आणणं स्वतःच्या वजनाच्या मानानं ताकद दाखवतं. जोर-बैठकांचा आकडा मात्र सवयीचा असतो, त्यानं फसू नका. उभ्याउभ्या लांब उडी तीनदा घ्या, सर्वांत लांब ती धरा.

खांदा एकदा तरी निखळलाय का ते विचारा, आणि आईला विचारा. पोरगं लपवतं. त्वचा उजेडात बघा: गजकर्णाचे गोल चट्टे, पुळ्या, खपली दिसली तर डॉक्टरचं औषध पूर्ण होईपर्यंत हौद्यात उतरवू नका, नाहीतर महिन्याभरात सगळ्या तालमीला लागण.

वजन तोडण्याबद्दल सरळ विचारा. १७ वर्षांखालच्या मुलग्यांचे गट ४५, ४८, ५१, ५५, ६०, ६५, ७१, ८०, ९२, ११० असे आहेत. ५१ चा पोरगा पाणी तोडून ४८ ला उतरत असेल तर वाढ अडू शकते. वजनही लढतींच्याच दिवशी सकाळी होतं, तेव्हा सुकलेलं अंग दुपारपर्यंत भरून येत नाही. जिथं असल्या उतरवण्याला शाबासकी मिळते, तिथून आलेल्या पोराचं खरं वजन आधी काढा.

घर, कागद आणि सीमा

खानापूरकडे रोप लावणीत, निपाणीकडे तंबाखूच्या कामात, चिकोडी-अथणीकडे ऊसतोडीत पोरं गायब होतात. यात पोराचा दोष नाही. पण त्या दोन महिन्यांत आठवड्याला तीन दिवस तरी कोण येतो, याची हजेरी ठेवा. घरी जाऊन बापाला एवढंच विचारा, "अप्पा, सुगीत याला पहाटे पाचला सोडाल का?" उत्तर यायला वेळ लागला तरी चालेल. लगेच 'हो हो' म्हणणाऱ्या घरातून जास्त खाडे होतात.

वय कागदावर तपासा. १ जून जन्मतारीख दिसली की पुढचा कागद मागा. शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली ती तारीख आपल्या दोन पिढ्यांना चिकटलीय. जन्माची नोंद मूळ वेळेत झालेली हवी. वर्ष उलटून झालेल्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तो जोडलेला आहे का बघा. वयोगट जन्मवर्षावर ठरतात, म्हणून जानेवारीतला आणि डिसेंबरातला पोरगा एकाच गटात येतात. तुलना करताना हे अकरा महिने लक्षात ठेवा.

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरची खास अडचण नावाची. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आधार इंग्रजीत. कुठं आडनाव आधी, कुठं नुसतं अद्याक्षर. वजनाच्या टेबलावर नाव जुळलं नाही की पोरगं घरी परत. निवडीच्या आधीच तिन्ही कागद एकसारखे करून घ्या.

आणि राज्य कोणतं, हे आधी ठरवा. बेळगावची पोरं कोल्हापूरच्या तालमीत राहतात, तिथल्या खासबाग मैदानात लढायचं स्वप्न बघतात. पण महाराष्ट्र केसरीला महाराष्ट्रातल्या जिल्हा किंवा शहर संघातून निवड होऊनच जावं लागतं. पोरगं कर्नाटकाकडून खेळत असेल तर तिकडचा रस्ता बंद. शालेय स्पर्धा शाळा ज्या राज्यात त्या राज्याकडून. कोल्हापुरात नाव घातलं की ती दिशा ठरली. मध्येच राज्य बदलायला ना-हरकत पत्र मागतात आणि त्यात हंगाम जातो. खुराक देणाऱ्याला 'आपला पोरगा महाराष्ट्र केसरी' असं सांगून ठेवू नका.

निवड

वस्ताद आणि आणखी एक जाणता माणूस यांनी एकमेकांशी न बोलता वीस नावांची क्रमवारी लिहावी, मग बसावं. ज्या नावावर दोघांत पाचाहून जास्त क्रमांकांचं अंतर पडेल, त्याच्याच लढती पुन्हा बघा. बाकीच्यांवर वेळ घालवू नका. खुराक देणाऱ्याला या बैठकीत बसवू नये, त्याचा भाचा असेल तर मुळीच नाही.

खुराक लगेच वर्षाचा जाहीर करू नका, आधी ९० दिवसांचा द्या. ५० किलोच्या पोराला रोज ८०-९० ग्रॅम प्रथिनं पुरतात: लिटरभर दुधातून साधारण ३२, चार अंड्यांतून २४, उरलेलं डाळ, शेंगदाणे, भाकरीतून. बदामाच्या पोत्याची गरज नाही. डबाबंद पावडर तर देऊच नका; तिच्यात काय मिसळलंय ते डोप चाचणीत कळतं आणि भोगतो पोरगा. ९० दिवसांनी वही उघडा: उंची, हजेरी, नवा डाव, पराभव.

न घेतलेल्या अठरा जणांची उंचीची वही चालू ठेवा. दिवाळीला सगळ्यांना पुन्हा भिंतीला उभं करा. मिरगाला १४८ भरलेला एखादा तेव्हा १५२ भरतो, आणि तो रोज पहाटे येतच असतो.