बाळाला घेऊन भारी रेस्टॉरंटात जेवायचं तर

रात्री ९ चं टेबल घेतलंत तर पुढचं फारसं काही जमणार नाही. पुण्यात चांगल्या रेस्टॉरंटांत गर्दी साडेआठनंतर चढते आणि एकदा किचनवर ताण आला की साधं सूपसुद्धा वीस-पंचवीस मिनिटं येत नाही. सात-आठ महिन्यांचं बाळ एका झोपेनंतर साधारण दोन-तीन तास जागं राहतं आणि त्यातला जेमतेम पाऊण तास खुर्चीत रमतं. म्हणून संध्याकाळी ७ ला, दार उघडताच पोचा. त्याहून बरं दुपारचं जेवण. मोठ्या हॉटेलांतला रविवारचा ब्रंच तर सगळ्यात सोपा, कारण अन्न तयार असतं आणि एकेकाला उठून वाढून आणता येतं.

अंतराचाही विचार करा. कोथरूडहून कोरेगाव पार्कला संध्याकाळी निघालात तर तासभर रस्त्यातच जातो. बाळ गाडीत डुलकी काढतं आणि नेमकं दारात पोचल्यावर अर्धवट झोपेतून उठून भोकाड पसरतं. त्यापेक्षा सेनापती बापट रस्त्यावरची जवळची जागा बरी.

बुकिंग ॲपवरून केलंत तरी एक फोन कराच. ‘सोबत आठ महिन्यांचं बाळ आहे, बेबी चेअर आहे ना? तिला पट्टा आहे का? त्या दिवशी लाइव्ह म्युझिक आहे का?’ एवढं विचारलं तरी बरंच कळतं. जोडून बार असेल तर लहान मुलांना रात्री आत घेतात की नाही, हेही तेव्हाच विचारा. कोरेगाव पार्कच्या गल्ल्यांत जुन्या बंगल्यांमध्ये थाटलेली रेस्टॉरंटं देखणी असतात, पण पायऱ्या आणि बागेतली खडी यांत बाबागाडी अडकते. बागेतलं टेबल संध्याकाळी डासांमुळे नको, आणि डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे.

टेबल मागताना कोपऱ्यातलं, भिंतीला लागून मागा. बाळाची खुर्ची वाटेच्या बाजूला अजिबात नको: वेटर गरम सूप आणि धुराचे सिझलर बाळाच्या डोक्यावरूनच नेतो. खुर्ची आली की आधी हलवून पाहा. दोन पायांच्या मधून जाणारा पट्टा नसेल तर बाळ खाली घसरतं, मग ओढणी कमरेभोवती बांधायची वेळ येते, आणि ती काही भरवशाची नाही. आधाराशिवाय बसता न येणाऱ्या बाळाला खुर्चीत बसवूच नका, मांडीवर घ्या. खुर्ची टेबलाला अगदी चिकटवून ठेवली की बाळ पायाने टेबल ढकलतं आणि खुर्चीसकट मागे कलंडू शकतं.

मग टेबल आवरा. सुरी, काटे, काचेचे ग्लास, मेणबत्ती, फुलदाणी असं जे जे बाळाच्या हातापासून दीड-दोन फुटांत असेल ते सगळं पलीकडे. लोंबणारा टेबलक्लॉथ हा खरा शत्रू. त्याचं टोक बाळाच्या मुठीत आलं की चहाच्या किटलीसकट सगळं त्याच्या अंगावर येतं. बाळाच्या बाजूचं कापड आत दुमडायला सांगा. चांगल्या ठिकाणी कुणी नाक मुरडत नाही.

सात-आठ कोर्सचा टेस्टिंग मेन्यू (शेफने ठरवलेले छोटे पदार्थ, एकामागून एक) घेऊ नका, त्याला दोन-अडीच तास लागतात. बसल्या बसल्या बाळाचं आणि मोठ्यांचं एकदमच सांगा. मोठ्यांच्या दोन मुख्य डिशेस दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने आणायला सांगितल्या, की एकजण गरम जेवतो तोवर दुसरा भरवतो, मग अदलाबदल. आजी-आजोबा बरोबर असतील तर प्रश्नच मिटला. भरवणाऱ्याने एका हाताने खाता येईल असं मागवावं: रिसोटो (इटालियन मऊ भात), बिर्याणी. खेकडा पुन्हा कधीतरी.

बाळासाठी घरचा मऊ वरणभात छोट्या थर्मासमध्ये नेलेला उत्तम. बहुतेक ठिकाणी आधी सांगितलं तर चालतं. मागवायचं असेल तर उकडलेलं गाजर, बटाटा किंवा मऊ भात सांगा, मीठ न घालता. हॉटेलातल्या डाळीत मीठ आधीच पडलेलं असतं, त्यामुळे ‘फोडणी नको’ म्हणून भागत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, त्याने बोट्युलिझम (जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार) होऊ शकतो. म्हणून सॅलडवर, चिकनवर किंवा डेझर्टवर मध आहे का ते विचारा. पांढऱ्या-लाल ग्रेव्हीत बहुधा काजू असतात. काजू, शेंगदाणे, अंडं, मासे यांची ॲलर्जी असू शकते, म्हणून पहिली चव घरी द्यावी, इथे नाही. नानचा तुकडा ओला झाला की टाळूला चिकटतो, पापडाचे तुकडे टोचतात, आणि अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न तर नकोच.

दुधाची बाटली कोमट करायला खोलगट भांड्यात गरम पाणी मागा, बाटली त्यात पाचेक मिनिटं उभी ठेवा, हलवा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा. मायक्रोवेव्ह नको, दूध कुठे गार तर कुठे चटका देणारं होतं. ते गरम पाण्याचं भांडं काम होताच परत पाठवा.

पिशवीत दोन डायपर, वाइप्स, बदलायची चटई, दोन लाळेरी, एक जादा झबलं आणि मळलेल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी पुरे. खेळणी एकदम काढू नका, दहा मिनिटांनी एक; घंटी वाजणारी घरी ठेवा. बाळ रडायला लागलं की दोन मिनिटांत उचलून बाहेर. रडं अंगात भिनल्यावर फेऱ्या मारून थांबत नाही.

जाताना खाली सांडलेला भात टिशूने गोळा करा. सर्व्हिस चार्जची सक्ती नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. पण ज्याने बिनमिठाचा भात करवून आणला त्याच्या हातात रोख टिप ठेवा. डेझर्ट येताच बिल मागा आणि व्हॅलेचं (गाडी लावून देणाऱ्याचं) टोकनही तेव्हाच द्या, गाडी यायला दहा मिनिटं लागतात. बिलाबरोबर बडीशेप-खडीसाखरेची वाटी येते. सगळ्यांचं लक्ष कार्ड मशीनकडे असतं आणि बाळाची मूठ नेमकी तेव्हाच वाटीत जाते. ती वाटी आधी उचला, मग पिन टाका.