यूकेतल्या खारी: लाल बघायला कुठं जायचं आणि ग्रे गार्डनमध्ये आली तर काय करायचं

यूकेत राहायला आलात की पहिल्या आठवड्यातच किचनच्या खिडकीतून खार दिसते, आपल्या पट्टेवालीपेक्षा चांगलीच दांडगी, झुबकेदार शेपटीची, माणसाला फारशी न घाबरणारी, आणि त्याच वेळी आई-बाबा इंडियातून आलेले असतील तर संध्याकाळपर्यंत तिला शेंगदाणे चालू झालेले असतात. ही ग्रे खार. इथली मूळची खार ही नव्हेच, मूळची ती लाल, कानावर केसांचे झुपके असलेली, आणि ती बघायला इंग्लंडात बहुतेकांना मुद्दाम प्रवास करून जावं लागतं. अंदाजे २७ लाख ग्रे आणि तीन लाखांच्याही खाली लाल, त्यातल्या पण बहुतेक सगळ्या स्कॉटलंडमध्ये, असा हिशोब आहे.

म्हणून सगळ्यात आधी एकच करा, आपण राहतो तिथं कुठली खार आहे ते बघा, दाणे टाकायचे की नाही हे त्यावरच ठरतं. लंडन, स्लाव, रेडिंग, लेस्टर, बर्मिंगहॅम, म्हणजे जिथं आपली गर्दी आहे तिथं सगळीकडे ग्रेच, लाल दिसायची आशा सोडा. दक्षिण किनाऱ्याजवळच्या आइल ऑफ वाइट आणि ब्राउनसी या बेटांवर फक्त लाल, मध्ये पाणी असल्यामुळे ग्रे तिकडं पोचलीच नाही. आणि नॉर्थम्बरलंड, कंब्रिया, स्कॉटलंडचा दक्षिण भाग, अ‍ॅबर्डीन असल्या ठिकाणी दोन्ही आहेत, तिथंच खरी काळजी घ्यायची.

काळजी का, तर ग्रे खार अमेरिकेतली. व्हिक्टोरियन काळातल्या श्रीमंतांनी शोभेसाठी आणली, १८७६ मध्ये चेशायरच्या हेनबरी पार्कात सोडल्याची नोंद आहे, आणि पुढं वोबर्न इस्टेटच्या ड्यूक ऑफ बेडफर्डनी तर ठिकठिकाणी भेट म्हणून वाटल्या (हौसेला मोल नसतं, निस्तरतंय कोण ते बघा). लोकांना वाटतं ग्रे लालला मारून खाते वगैरे, तसं काही नसतं. ती अंगानं मोठी, ओकची कच्ची फळंसुद्धा पचवते जी लालला नीट पचत नाहीत, म्हणजे लाल जेवायला बसायच्या आधीच ताट रिकामं. आणि दुसरं म्हणजे स्क्विरलपॉक्स, हा व्हायरस ग्रे अंगावर घेऊन फिरते, तिला सहसा काही होत नाही, पण लालला झाला की डोळ्यांभोवती, तोंडाशी, पंजांवर खपल्या धरतात आणि साधारण दोन आठवड्यांत खार मरते. लिव्हरपूलजवळच्या फॉर्म्बीला २००८ मध्ये अशी साथ आली की तिथल्या ८० टक्क्यांहून जास्त लाल खारी गेल्या. आता विचार करा, एकाच फीडरवर सकाळी ग्रे तोंड घालून गेली आणि दुपारी लाल आली तर काय होईल. म्हणून दोन्ही खारी असलेल्या भागात खायला घालायचंच नाही, कितीही वाईट वाटलं तरी.

ओळखायची कशी

रंगावर जाऊ नका, इथंच सगळे फसतात. ग्रे उन्हाळ्यात पाठीवर, पायांवर चांगली तांबूस होते आणि लोक फोटो टाकून मोकळे होतात की आमच्या पार्कात लाल दिसली. उलट लाल कधी कधी गडद तपकिरी, जवळजवळ काळी पण असते. आणि हर्टफर्डशायरच्या लेचवर्थकडं कुळकुळीत काळ्या खारी दिसतात त्या ग्रेच्याच घरातल्या.

शेपटी बघा. ग्रेच्या शेपटीला कडेनं पांढरट झालर असते, उजेड मागून आला की एकदम लक्षात येते, लालची शेपटी एकाच रंगाची. कानावरचे झुपके ही लालची खूण खरी, पण ती हिवाळ्यातली, उन्हाळ्यात झुपके झडतात आणि मग कान साधेच दिसतात. आकार लांबून कळत नाही, पण लाल ३०० ग्रॅमच्या आसपास आणि ग्रे सहज ५००-६०० ग्रॅम, त्यामुळे फांदी किती वाकते त्यावरून सवयीनं अंदाज येतो. वागण्यातही फरक आहे, ग्रे बिनधास्त गवतावर बसून खाते, लाल बराचसा वेळ वरच असते.

लाल बघायला जाताना

पहिल्यांदाच जात असाल आणि सोबत लहान मुलं असतील तर सरळ ब्राउनसी, पूल क्वेवरून बोट मिळते, बेट छोटं, दोनशेच्या आसपास खारी, दिसायची शक्यता भरपूर. हिवाळ्यात बेट बऱ्यापैकी बंद असतं, निघायच्या आधी नॅशनल ट्रस्टच्या साइटवर तारखा बघून घ्या. लिव्हरपूल-मँचेस्टरवाल्यांना फॉर्म्बी जवळ, लिव्हरपूलहून ट्रेननं फ्रेशफील्ड स्टेशनला उतरून चालत पाइनच्या झाडीत जाता येतं, कार पार्किंगची कटकट नाही (वीकेंडला ऊन पडलं की सगळं लिव्हरपूल त्या बीचवर असतं, तेव्हा गाडी नेऊच नका). साथीनंतर तिथली संख्या परत बऱ्यापैकी सावरली होती. वेल्समध्ये अँगलसी. १९९८ च्या सुमारास तिथं जेमतेम चाळीस लाल उरल्या होत्या, मग पद्धतशीर ग्रे काढल्या आणि आता काही शे लाल आहेत, न्यूबरोच्या जंगलात बघायला मिळतात. इंग्लंडातला सगळ्यात मोठा गोतावळा किल्डर फॉरेस्टमध्ये, पण ते जंगल इतकं अफाट आहे की एका दिवसाच्या ट्रिपमध्ये खार दिसेलच असं नाही, तिथं तारे बघायला जा आणि खार दिसली तर बोनस समजा. स्कॉटलंडमध्ये केर्नगॉर्म्स, म्हणजे रॉथीमर्कस, अ‍ॅबरनेथी, नाहीतर डंकेल्डजवळ लॉख ऑफ द लोज, तिथं लपून बघायची खोली आहे, खिडकीसमोर फीडर, म्हातारी माणसं सोबत असतील तर मस्त.

वेळ सकाळची. दहा-अकराला आरामात डबा खाऊन पोचाल तर कुत्री फिरवणारे लोकच दिसतील. सीझन म्हणाल तर सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट, कारण खारी हिवाळ्याची बेगमी करायला दिवसभर खाली-वर करतात, आणि फेब्रुवारीत पानं नसतात शिवाय जोड्या जमायचा काळ, एका मादीच्या मागं दोन-तीन नर खोडाभोवती गोल गोल पळताना दिसतात. खारी हिवाळ्यात झोपून जातात हा एक गैरसमज आहे, त्या फक्त जोराचा वारा-पाऊस असेल तर घरट्यातून बाहेर पडत नाहीत, तशा दिवशी तुम्ही पण पडू नका.

आता गेल्यावर करायचं काय, तर वर बघत चालायचं नाही. मान दुखते आणि हाती काही लागत नाही. आधी खाली बघा. पाइनच्या कोनाचे खवले सोलून खार आतलं बी खाते आणि मधला दांडा टाकून देते, तो दाणे खाल्लेल्या मक्याच्या कणसासारखा दिसतो, टोकाला एक छोटा शेंडा राहिलेला. ते दांडे कोरडे, करडे पडलेले असतील तर जुने, पण ताजे, चिकट, वास येणारे आणि खवले एकाच जागी पसरलेले दिसले की थांबा. तिथंच उभं राहा, बोलू नका, फोन सायलेंट. थोड्या वेळानं वरून टिप टिप आवाज येतो, पाऊस नसताना पानांवर काहीतरी पडतंय असा, आणि मग एखादा खवला जॅकेटच्या बाहीवर येऊन पडतो. आता वर बघा. ती बरोबर तुमच्या डोक्यावर बसलेली असते, दोन्ही पंजांत कोन आडवा धरून भराभर फिरवत, आणि तिनं तुम्हाला केव्हाच पाहिलेलं असतं. चिडली तर पाय आपटते, शेपटी झटकते आणि चक चक चक करते, म्हणजे आपण जास्त जवळ आलोय, दोन पावलं मागं व्हायचं. खोडामागं गेली तर तिच्या मागं फिरू नका, तुम्ही फिराल तशी ती पण फिरते, कायम झाड मध्ये ठेवून, त्यापेक्षा एकानं थांबायचं आणि दुसऱ्यानं हळू फिरून पलीकडं जायचं. मोबाइलवर फोटो येत नाही नीट, आधीच सांगून ठेवतो, साधी दुर्बीण न्या.

खिशात दाणे नेऊ नका आणि हातानं भरवायचा प्रयत्न पण नको. खपल्या असलेली, सुस्त, माणूस आला तरी न हलणारी लाल दिसली तर हात लावू नका, जागा नीट लक्षात ठेवून तिथल्या रेंजरला किंवा त्या भागातल्या लाल खारीच्या ग्रुपला कळवा. लाल खारीला त्रास देणं, पकडणं, तिचं घरटं पाडणं हा १९८१ च्या वाइल्डलाइफ कायद्यानं गुन्हा आहे. आणि आइल ऑफ वाइटवर चुकून ग्रे दिसली तर ती पण लगेच कळवायची.

गार्डनमधली ग्रे

आता घरची गोष्ट. ग्रेचं आणि बर्ड फीडरचं वैर नसतं, प्रेम असतं. मागचे पाय घोट्यातून पूर्ण उलटे फिरवून ती डोकं खाली करून लटकते आणि चिमण्यांचा आठवड्याचा माल एका सकाळी संपवते. प्लास्टिकचा फीडर असेल तर कुरतडून भोकच मोठं करते, तेव्हा धातूचाच घ्या, किंवा वजन पडलं की बंद होणारा. फीडर खांबावर लावा, खांबाला जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास घुमटासारखा बॅफल (खारीला वर चढू न देणारा अडसर), आणि फेन्स, शेड, झाड, कपडे वाळत घालायचा स्टँड यापासून निदान तीन मीटर लांब, कारण ती आडवी जवळजवळ तेवढी उडी मारते. यातली एक गोष्ट जरी कमी पडली तरी बाकीचा खर्च वाया. खांबाला तेल किंवा ग्रीस लावायचे सल्ले मिळतील, अजिबात लावू नका, पक्ष्यांच्या पिसांना लागलं तर ते मरतात.

लाल तिखटाचा उपाय आपल्या घरात कोणीतरी सुचवतंच. पक्ष्यांना मिरची झोंबत नाही आणि खारीला झोंबते हे खरं आहे, पण सुटी पूड वाऱ्यानं उडते, डोळ्यात जाते, पावसात धुऊन जाते, आणि यूकेत पाऊस कधी नसतो. मला तो प्रकार पटत नाही.

ट्यूलिप आणि क्रोकसचे कंद ऑटममध्ये लावले की दुसऱ्या दिवशी उकरलेले मिळतात. खोल लावा, वर चिकन वायर अंथरून मग माती टाका, कोंब जाळीतून वर येतात. डॅफोडिल विषारी असतं म्हणून त्याला ती सहसा हात लावत नाही, तेव्हा कंटाळलात तर सरळ डॅफोडिलच लावा.

आईला खार उपाशी बघवत नसेल आणि तुमचा भाग नुसत्या ग्रेचा असेल तर थोडे कवचासकट हेझलनट चालतील. रोज मूठ मूठ शेंगदाणे नको, त्यात कॅल्शियम कमी असतं आणि तेवढंच खाऊन हाडं ठिसूळ होतात. खारे दाणे, फरसाण, पोळीचे तुकडे अजिबात नको, पोळीला उंदीर आधी येतात आणि शेजारी त्याहून आधी. हातातून भरवू देऊ नका, दात बोटातून आरपार जातात. चावलीच तर साबण-पाण्यानं भरपूर धुवा आणि १११ ला (एनएचएसची हेल्पलाइन) फोन करून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. इथल्या जमिनीवरच्या प्राण्यांत रेबीज नाही, त्यामुळे तेवढं घाबरू नका, पण इंडियात गेल्यावर हा नियम लावू नका.

शेवटचं आणि सगळ्यात खर्चिक, लॉफ्ट, म्हणजे छपराखालचा माळा. रात्री खुडबुड असेल तर बहुतेक उंदीर, सकाळी उजाडताना धावपळ असेल तर खार. भोक दिसलं की लगेच बुजवायला धावू नका, फेब्रुवारी-मार्च किंवा उन्हाळ्यात आत पिल्लं असू शकतात, आई बाहेर अडकली तर पिल्लं आत मरतात, वास महिनाभर जात नाही आणि आई आत यायला दुसरी फळी फोडते. पिंजरा स्वतः लावायच्या भानगडीत पण पडू नका, कारण पकडलेली ग्रे परत बाहेर सोडणं इथं बेकायदा आहे, म्हणजे पकडलीत की मारायची जबाबदारी तुमची आणि तीही हाल न करता. त्यासाठी माहितगार पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा, आणि भोक बुजवताना फोम नाही तर जाड वेल्डेड जाळी ठोकून घ्या, फोम ती एका दिवसात कुरतडते. मग इलेक्ट्रिशियनकडून लॉफ्टमधल्या वायरी तपासून घ्या, वरचं रबर कुरतडलेलं असेल तर आगीचा धोका असतो. क्लेम करायच्या आधी होम इन्शुरन्सची पॉलिसी मात्र नीट वाचा, कुरतडण्याचं नुकसान बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत, आणि भाड्याचं घर असेल तर लँडलॉर्डला फोटोसकट ईमेल आधी टाका, फोनवर बोलून विषय मिटवू नका.