सीओपीडी असेल तर पंप कसा घ्यायचा आणि बाकी काय सांभाळायचं

जिना चढताना धाप लागते, सकाळी कफाचा खोकला येतो आणि आपण म्हणतो वय झालं, पण सीओपीडीची, म्हणजे फुफ्फुसांच्या जुनाट आजाराची, सुरुवात बऱ्याचदा अशीच असते. वर्षानुवर्षं सिगरेटचा नाहीतर लाकडाचा धूर आत गेला की श्वासनळ्या सुजून अरुंद होतात, हवा आत जाते पण पूर्ण बाहेर पडत नाही.

आधी स्पायरोमेट्री करून घ्या, नुसत्या एक्स-रेवर हे ठरत नाही. मशीनमध्ये जोरात फुंकायचं. नळ्या मोकळ्या करणारं औषध देऊनही पहिल्या सेकंदात एकूण सोडलेल्या हवेच्या ७०% पेक्षा कमी बाहेर आली तर नळ्या अडल्यात असं समजतात.

मग पंप, म्हणजे इनहेलर. खरी गडबड इथेच होते, मीपण कितीतरी दिवस औषध घशालाच मारत होतो! स्प्रेवाला पंप आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा, हळू श्वास ओढायला लागलात की लगेच दाबा आणि ओढतच राहा, मग जमेल तसं १० सेकंद रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. टायमिंग जमत नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, त्यात लाजायचं काय? पावडरवाल्याचं मात्र उलटं, तो जोरात आणि खोल ओढायचा आणि त्यात फुंकायचं नाही. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आणि पंपाची सवय लागते वगैरे ऐकून रोजचा पंप मधेच सोडू नका.

दम लागला तर नाकाने दोन आकडे मोजेपर्यंत श्वास घ्या, शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून चार आकडे मोजेपर्यंत सोडा. बराच फरक पडतो.

सिगरेट बंदच, गेलेली ताकद फारशी परत येत नाही पण पुढची घसरण मंदावते. फ्लूची लस दरवर्षी घ्या, न्यूमोनियाच्या लसीचं डॉक्टरांना विचारा. रोज थोडं चाला, दम लागतो म्हणून बसून राहिलात तर पाय कमजोर होतात आणि मग अजूनच लागतो.

घरी ऑक्सिजन असेल तर मनाने वाढवू नका, काही पेशंटना जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साठतो, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्केच ठेवायला सांगतात.

कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला, दम नेहमीपेक्षा जास्त वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ओठ निळे पडले, वाक्य पुरं होईना किंवा माणूस गुंगीत जायला लागला तर फोनबिन नाही, सरळ हॉस्पिटल.