लिनक्स कर्नल मुद्दाम क्रॅश कसा करायचा (आणि डंप हातात कसा येईल)

कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पाडणं एका कमांडचं काम आहे, खरी मेहनत आहे ती पडल्यावर डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची कॉपी, मिळेल याची. बरेच जण सर्व्हर अडकला की घाईघाईत पॅनिक (म्हणजे कर्नल क्रॅश) करतात, नंतर बघतात तर डंपच नाही, मग परत तसाच हँग व्हायची वाट बघत बसा. त्यामुळे हे आधी टेस्ट व्हीएमवर करून बघाच, प्रॉडक्शनवर नको.

पहिलं केडंप, म्हणजे क्रॅशनंतर डंप घेणारी लिनक्सची सोय. बूट पॅरामीटरमध्ये क्रॅशकर्नल=256एम टाकून रीबूट करा, तेवढी रॅम दुसऱ्या छोट्या कर्नलसाठी बाजूला राहते. मेन कर्नल पॅनिक झाला की केएक्सेक ही यंत्रणा तो दुसरा कर्नल थेट सुरू करते, बायोसमधून न जाता, म्हणून आधीची मेमरी तशीच शिल्लक असते आणि व्हीएमकोर फाईलमध्ये (हाच तो डंप) लिहून घेता येते. मोठ्या मशीनवर ड्रायव्हर भरपूर असले की 256 एमबी कमी पडू शकते, मग तो छोटा कर्नलच मेमरी संपून मरतो, तेव्हा आकडा वाढवा. आता सिस खालच्या कर्नल डिरेक्टरीतली केएक्सेक_क्रॅश_लोडेड फाईल कॅट करा. 1 आलं पाहिजे, म्हणजे दुसरा कर्नल तयार आहे. 0 असेल तर पुढे जाऊच नका, आधी केडंप सर्व्हिसचे लॉग बघा.

मग सिंक मारा (उरलेला डेटा डिस्कवर लिहायला) आणि रूट होऊन प्रॉकमधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाईलमध्ये सी हे अक्षर इको करा. इथे सुडो इको करून रीडायरेक्ट केलं तर परमिशन डिनाइड येतं, कारण फाईल उघडतो तुमचा साधा शेल, सुडो फक्त इकोला लागतो, तर इकोचं आउटपुट पाईप करून सुडोसोबत टी ही कमांड वापरा. एंटर दाबलं की मशीन लगेच जातं, कन्सोलवर पॅनिकचा मेसेज दिसेल, डंप लिहून होईपर्यंत थांबा, मधेच पॉवर बंद करू नका प्लीज.

मशीन परत आल्यावर वार डिरेक्टरीतल्या क्रॅश फोल्डरमध्ये बघा, बहुतेक डिस्ट्रोमध्ये डंप तिथेच पडतो. त्याच कर्नल व्हर्जनचं डीबगइन्फो (डीबगिंगची माहिती असलेलं) पॅकेज टाकून डंप क्रॅश टूलने उघडा आणि बीटी मारा, म्हणजे स्टॅक (कोणतं फंक्शन कुठून आलं त्याची यादी) दिसेल. सिसआरक्यू_हँडल_क्रॅश हे फंक्शन स्टॅकमध्ये दिसलं म्हणजे सेटअप बरोबर आहे.

आणि खरा हँग आला, शेलच मिळत नाहीये, तर एनएमआय (सीपीयूला टाळता न येणारा इंटरप्ट) पाठवायचा, केव्हीएम व्हीएमवर व्हर्श या कमांडच्या इंजेक्ट-एनएमआयने, पण त्यासाठी अननोन_एनएमआय_पॅनिक हे सिसकंट्रोल (कर्नलचं सेटिंग) आधीच 1 करून ठेवलेलं असायला हवं.